माप आधी ठरवा, मग पानावर बसा: कोकणातल्या घरात 'अति' कसं टाळायचं

आपल्याकडे कोकणात वर्षभर काही ना काही चालूच असतं. शिमगा झाला की आंबे-फणस, मे महिन्यात मुंबईची सगळी मंडळी घरात, मग गटारी, मग श्रावण, लगेच गणपती, दिवाळी, आणि त्यानंतर गावोगावच्या जत्रा. प्रत्येक वेळी खाणं, पिणं, खर्च सगळं हात सैल सोडून होतं आणि मग एक दिवस शुगरचा रिपोर्ट येतो नाहीतर बीपीची गोळी सुरू होते, की आपण घरात जाहीर करतो, सोमवारपासून सगळं बंद. भात बंद, साखर बंद, तळलेलं बंद. तीन-चार दिवस कसेबसे जातात, मग कोणाकडे तरी बारसं निघतं नाहीतर ताजी सुरमई घरात येते, आणि आहे तिथेच परत.

माझं म्हणणं एवढंच आहे की बंद करण्याने हे होत नाही, माप ठरवण्याने होतं, आणि ते माप पानावर बसल्यावर ठरवता येत नाही. भूक लागलेली, समोर वाफाळता भात, बाजूला आई नाहीतर सासूबाई डाव घेऊन उभ्या, अशा वेळी मन "पुरे" म्हणतच नाही, कोणाचंच म्हणत नाही. म्हणून ठरवायचं ते आधी, म्हणजे बाजारात, वाण्याच्या यादीत, चुलीपाशी, वाढायच्या भांड्यात.

आणि हे एवढं कळकळीने का लिहितोय तर २०२३ साली आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, मोठा अभ्यास आला, त्यात देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह निघाला आणि सगळ्या राज्यांत वरती कोण तर गोवा, २६.४ टक्के. गोवा म्हणजे सिंधुदुर्गाच्या टोकाचं बांदा ओलांडलं की पलीकडे, तोच भात, तेच मासे, तोच नारळ. ताटामुळेच झालं असं मी म्हणत नाही, कारणं बरीच असतात, पण शेजारच्या घरात एवढं आहे म्हटल्यावर आपण आपल्या घरात बघायला हवं की नको?

आधी आपलं अति कुठे आहे ते शोधा

सगळ्यांचं सारखं नसतं. कोणाला गोड लागतं, कोणाला चहा, कोणी मोबाईल सोडत नाही, कोणाचा पगार वीस तारखेलाच संपतो. आठवडाभर फक्त लिहून ठेवा, काही बदलू नका. चहा किती कप, त्यात साखर किती चमचे, भात किती वेळा घेतला, रात्री फोन किती वाजता ठेवला, जीपे ने किती गेले. वहीत लिहा नाहीतर फ्रिजला कागद लावा, पण लिहाच, कारण आठवणीतला आकडा नेहमी कमी असतो.

ओळखायची खूण म्हणजे, जी गोष्ट तुम्ही घरच्यांपासून लपवून करता ती. किंवा जिच्याबद्दल बायकोने नाहीतर मुलाने नुसतं विचारलं तरी राग येतो ती. आणि जी केल्यावर मजा थोडा वेळ आणि जडपणा दिवसभर राहतो ती. यातली एक निवडा, फार तर दोन. सगळं एकदम धरायला गेलात तर परत सोमवारची गोष्ट होईल.

वाण्याची यादी हेच पहिलं माप

हे मला सगळ्यात कामाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हटलंय. आता रोजच्या रोज कोण वजन करत बसणार. पण महिन्याचा हिशोब सोपा आहे. घरात चार मोठी माणसं असतील तर ५ गुणिले ४ गुणिले ३० म्हणजे ६०० ग्रॅम मीठ झालं. म्हणजे एक किलोचं पाकीट पन्नास दिवस पुरलं पाहिजे, खरं तर त्याहूनही जास्त, कारण फरसाण, बिस्कीट, पाव, लोणचं, बाजारचा पापड यातलं मीठ वेगळंच पोटात जातं. पाकीट फोडलं की त्यावर पेनाने तारीख टाका. एवढंच करायचं. पाकीट पंचवीस दिवसांत संपलं तर मग कोणाला भाषण द्यायची गरज नाही, पाकीटच सांगतं. (मासे धुवायला, कैऱ्या मुरवायला लागतं ते खडेमीठ वेगळं आणा म्हणजे हिशोबात घोळ होणार नाही.)

साखरेचं तसंच. चौघांसाठी महिन्याची कमाल ३ किलो होते, पण ती सगळी धरून, म्हणजे गूळ, बिस्किटं, कोल्ड्रिंक, मिठाई, सरबत सगळं. म्हणून घरात आणायची साखर आणि गूळ मिळून दीड-दोन किलोच्या वर जाऊ नये. गूळ पौष्टिक म्हणून सुटतो असं समजू नका, शरीराच्या हिशोबात तो बराचसा साखरच आहे. तेलाचा डबासुद्धा तारीख टाकून वापरायला लागा, आधीच्या महिन्यापेक्षा अर्धा लिटर कमी आणायचं एवढंच पहिलं लक्ष्य ठेवा.

याचा फायदा असा की घरात जे नाहीच ते संपवायचा मोह होत नाही, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईवर सगळा भार पडत नाही. बऱ्याच घरांत पथ्य पुरुषाचं आणि कटकट बाईच्या डोक्याला असं चालतं, ते बरोबर नाही. यादी दोघांनी बसून करा.

पान वाढताना

आपल्याकडे भात मध्ये डोंगरासारखा आणि बाकीचं कडेला असं पान असतं. भात सोडू नका, आपलं अंग भातावरच वाढलंय, पण भाताची एक वाटी ठरवा. ठराविक वाटी, रोज तीच. वाटी भरून पानात उपडी करायची, आणि मग परत घ्यायचा तर अर्धीच. डावाने वाढलेल्या भाताला माप राहत नाही, वाढणाऱ्याच्या मायेवर ते अवलंबून असतं. पोषण संस्थेचं म्हणणं आहे की अर्धं ताट भाजी आणि फळांचं असावं. कोकणात पावसाळ्यात टाकळा, भारंगी, कुर्डू, शेवग्याचा पाला अंगणात आणि रानात फुकट असतं, ते सोडून आपण बटाटा आणतो. आधी भाजी आणि मासा खा, भात त्याच्या मागून, म्हणजे भाताला पोटात जागा आपोआप कमी उरते.

सावकाश जेवा हे सगळेच सांगतात पण का ते कोणी सांगत नाही. पोट भरल्याचा निरोप डोक्यापर्यंत नीट पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात, आणि आपलं जेवण दहा मिनिटांत उरकतं, म्हणजे निरोप येतो तेव्हा दुसरा भात पानात आलेला असतो. म्हणून पहिला भात संपला की लगेच दुसरा घेऊ नका, सोलकढी प्या, चार गोष्टी बोला, मग बघा अजून हवाय का. काट्याचे मासे यासाठी फार चांगले, बांगडा नाहीतर पेडवे घाईने खाताच येत नाहीत.

तळलेले तुकडे हा आपला खरा कमकुवत कोपरा. तळायला घेतलं की सगळंच तळलं जातं आणि तळलेलं उरत नाही. तर मासे साफ करतानाच वाटणी करा. माणशी दोन तुकडे तळायला, बाकीच्याचं तिखलं, सुकं नाहीतर आमटी. आणि कढईत तेलात सोडण्यापेक्षा तव्यावर चमचाभर तेलात दोन्ही बाजू भाजून घ्या, तांदळाचं पीठ पातळ लावा, रव्याचा जाड थर तेल पितो. बांगडा हळदीच्या पानात गुंडाळून भाजला तर तेलाचं काम जवळजवळ नाहीच आणि वास असा सुटतो की तळलेल्याची आठवणही येत नाही.

नारळाबद्दल लोक मला विचारतात की मग खोबरं सोडायचं का. अजिबात नको. पण एका जेवणात नारळ एकदाच. वाटपाची आमटी केलीत तर सोबत सोलकढीऐवजी फुटी कढी करा, कोकम, मिरची, लसूण, कोथिंबीर, नारळाचं दूध नाही. सोलकढी हवीच असेल तर त्या दिवशी कुळथाची पिठी नाहीतर सार करा. कुळीथ फार गुणी आहे, १०० ग्रॅममध्ये २० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात आणि पोटाला बराच वेळ आधार देतो. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, रात्री भाताऐवजी नाचणीची भाकरी आठवड्यातून तीनदा जरी केलीत तरी फरक पडतो.

खारवलेला बांगडा, लोणचं, पापड, मिठातली कैरी आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) ही सगळी मिठाची कोठारं आहेत. एका दिवशी यातलं एकच. खारा मासा गरम पाण्यात भिजवून दोन पाणी काढा, नुसतं धुऊन जात नाही. सुका जवळा, बोंबील बहुतेक नुसते उन्हात वाळवलेले असतात, त्यांच्यात मीठ तेवढं नसतं पण चटणी करताना आपण घालतो ते बघा.

अजून एक महत्त्वाचं. माप माणसाप्रमाणे आणि कामाप्रमाणे बदलतं. लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात वाकून रोपं लावणारी बाई, रापण ओढणारा माणूस, होडीवरचा खलाशी यांना एक वाटी भात सांगणं हा अन्याय आहे. त्यांना दोन नाही तीन वाट्या लागतील, लागूदेत. घोळ इथे होतो की आजोबा लावणी करायचे म्हणून जेवढं जेवायचे तेवढंच नातू दुकानात बसून जेवतो. अंगमेहनतीचा दिवस आणि बसून काढलेला दिवस यांची वाटी वेगळी ठेवा.

आंब्याच्या दिवसांत

देवगड असो नाहीतर रत्नागिरी, हापूस खाल्ला नाही तर तो मे महिना कसला. साधारण हिशोब असा की १०० ग्रॅम गरात १४ ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे मध्यम आंब्यात वीसेक ग्रॅम. ती फळातली साखर आहे, सोबत तंतू आणि जीवनसत्त्वं आहेत, त्यामुळे साखरेच्या चमच्याशी तुलना करू नका, पण जेवून वर चार आंबे म्हणजे बरंच झालं. तब्येत ठीक असलेल्याने दिवसाला एक-दोन आंबे खावेत आणि ते भरपेट जेवणावर न खाता सकाळी अकराला किंवा चारच्या चहाच्या जागी खावेत. कापून, चोखून खा. आमरस वाटीने घेतला की तीन आंबे कधी गेले कळत नाही, त्यात परत साखर घालतात. रस करायचाच तर त्या दिवशी बिनसाखरेचा, छोट्या वाटीत, आणि त्या जेवणात पोळी नाहीतर भात यातलं एकच काहीतरी.

पण खरा प्रश्न आढीचा, म्हणजे पेंढ्यात पिकायला घातलेल्या आंब्यांचा असतो. आढी लावली की सगळे आंबे एकदम तयार होतात आणि मग "फुकट जातील" म्हणून घरातला प्रत्येक जण खात सुटतो. इथेही माप आधी ठरवता येतं. एकदम सगळे आढीत घालू नका, तीन-चार दिवसांच्या अंतराने थोडे थोडे घाला. तयार झालेले सकाळी वेगळे काढा, घरचे मोजून ठेवा आणि बाकीचे त्याच दिवशी शेजारी, शाळेतल्या बाई, एसटीने मुंबईला, जिथे जायचे तिथे पाठवा. उरलेल्याचं साठ घाला, म्हणजे आंबापोळी, ती पावसात एकेक तुकडा करून खाता येते. मधुमेह असेल त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर अर्धा आंबा खाऊन दोन तासांनी स्वतःची साखर बघावी, दुसऱ्याच्या अंगाला काय चालतं त्यावरून आपलं ठरवू नये.

कोकम सरबताचं पण लिहून ठेवतो. बाजारातलं अमृत कोकम म्हणजे साखरेत मुरवलेलं कोकम, त्यात साखर भरपूर. दोन-तीन ग्लास थंडगार पोटात गेले तर दिवसाची साखर तिथेच संपली. साध्या सुक्या कोकमांचं पाणी, जिरं आणि किंचित गूळ, हे उन्हाळ्यात पुरतं.

गणपती, मोदक आणि आग्रह

मोदकाचा हिशोब एकदा घरच्या घरी करून बघा. आमच्याकडे साधारण २०० ग्रॅम गुळाच्या सारणात वीसेक मोदक होतात, म्हणजे एका मोदकात १० ग्रॅम गूळ. दोन मोदक खाल्ले की २० ग्रॅम, पाच खाल्ले की ५०, दिवसाच्या मर्यादेच्या दुप्पट, आणि तुपाची धार वेगळीच. तुमच्या घरच्या मापाने आकडा बदलेल, पण तो माहीत असला की पानावर दोन घेऊन थांबणं सोपं जातं. सारण गोड कमी केलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही, गूळ थोडा कमी घाला आणि वेलची, जायफळ नीट घाला. मोदक लहान वळा, हात बसलेली बाई लहान मोदक जास्त सुबक वळते. माणशी दोन-तीन धरूनच पीठ मळा, "असूदेत जास्तीचे" हा हिशोब सोडा, कारण जास्तीचे शेवटी घरचेच संपवतात.

आग्रह हा प्रेमाचा भाग आहे आणि तो जावा असं मला वाटत नाही. पण त्याला उत्तर देता आलं पाहिजे. नुसतं "नको नको" म्हटलं की वाढणाऱ्याला वाटतं भीड आहे, आणि तो वाढतोच. त्यापेक्षा पहिल्यांदाच कमी घ्या आणि दुसऱ्यांदा स्वतः मागून घ्या, "काकी, तो एक मोदक द्या, फार छान झालाय". मागून घेतलेला एक मोदक वाढणाऱ्याला न मागता वाढलेल्या चारांपेक्षा जास्त सुख देतो, हे मी बघितलंय. नंतर सरळ "पोट भरला गे माझा, आता उद्याक" म्हणा आणि पानावरून हात काढा. डायबेटिस असेल तर लाजू नका, स्पष्ट सांगा, हल्ली प्रत्येक घरात एक तरी जण असतोच, लोक समजून घेतात.

आणि तुम्ही यजमान असाल तर एकदा विचारा, दोनदा विचारा, तिसऱ्यांदा पानात टाकू नका. चाकरमानी दहा दिवसांसाठी येतात, त्यांना वाटतं सगळं याच दहा दिवसांत खाऊन घ्यावं, त्यांना पानात भरण्यापेक्षा निघताना डबा द्या, लाडू करंज्या मुंबईला जाऊन आठ दिवस पुरतात. भजनाला घरोघर फिरणाऱ्या मंडळींचं तर फार होतं, एका रात्रीत पाच-सहा घरं, प्रत्येक घरी चहा, उसळ-पाव, लाडू. वाडीत आधीच बोलून ठरवता येतं, की कोणत्या घरी खाणं आणि कोणत्या घरी नुसतं पाणी-सुपारी, नाहीतर अर्धा कप चहा. असं ठरवलं तर गरीब घरावरचा खर्चाचा ताणही कमी होतो, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं.

गटारी आणि श्रावण

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, माशांचे प्रजननाचे दिवस म्हणून, आणि परंपरेने नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की होड्या परत निघतात. समुद्राला विसावा देणारी ही पद्धत चांगलीच आहे. पण घरात आपण काय करतो तर श्रावण लागायच्या आधी गटारीला महिन्याचं एका रात्रीत खातो-पितो, श्रावणात कडकडीत पाळतो आणि सुटला की परत तुटून पडतो. श्रावण श्रद्धेने पाळत असाल तर जरूर पाळा, फक्त त्याच्या दोन्ही टोकांना नेहमीचंच जेवण ठेवा. गटारीला नेहमीएवढंच मटण आणा. आणि श्रावणात मासे नाहीत म्हणून साबुदाणा वडे, बटाट्याचा कीस, गोडाधोडावर भर येतो, उपासाचं खाणं हलकं असतंच असं नाही.

चहा

दिवसाला पाच कप, कपात दोन चमचे, म्हणजे दहा चमचे, चाळीस ग्रॅमच्या पुढे साखर नुसती चहातून गेली. आधी चमचा बदला, डब्यात छोटा चमचा टाका. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करत गेलात तर जिभेला कळतही नाही. आणि जेवणाच्या आधी एक तास, नंतर एक तास चहा नको, अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही त्याने, बायकांनी हे खास लक्षात ठेवावं. टपरीवर कटिंग मागायचं, फुल नाही.

जिथे "थोडं थोडं" चालत नाही

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय. मशेरी, तंबाखू, गुटखा, सिगारेट यांना माप नसतं. आपल्याकडे मशेरी दात घासायची म्हणून लावतात, आया-आज्या लावायच्या म्हणून लेकी लावतात, आणि कोणी तिला व्यसन म्हणतच नाही. पण तो भाजलेला तंबाखूच आहे आणि तोंडाच्या कॅन्सरला कारण होतो. गुटखा तर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदच आहे. इथे कमी करायचं नाही, सोडायचं. एकट्याने जमत नसेल तर १८००११२३५६ हा सरकारचा फुकट नंबर आहे, तंबाखूच्या पाकिटावर छापलेला असतो, त्यावर बोलून मदत मिळते.

दारूबद्दल "बेताने घेतली तर औषध" असं ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की तब्येतीला पूर्ण सुरक्षित असं दारूचं कोणतंच प्रमाण नाही. काजूच्या दिवसांत गोव्याहून उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, येतो, हलका असतो म्हणून ग्लास मोजले जात नाहीत, पण हलका असला तरी ती दारूच. कधीतरी घेणाऱ्याने आधी ठरवावं की आज एक, तोही जेवल्यानंतर, रिकाम्या पोटी नाही, आणि गाडी चालवायची असेल तर शून्य. घाटातल्या वळणांवर एकसुद्धा जास्त होतो. पण जो रोज पितो, सकाळी हात थरथरतात, त्याला "कमी कर रे" म्हणून उपयोग नाही, आणि एकदम तोडायलाही लावू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवाला धोका असतो. डॉक्टरकडे नेऊन औषधाखाली सोडवा. १४४४६ ही नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, घरच्यांनीही फोन केला तरी चालतो. त्या माणसाला घरात सगळ्यांसमोर बोल लावू नका, आजारी माणूस आहे तो.

मोबाईल

इथेही माप फोनच्या बाहेर ठेवावं लागतं. अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनमध्ये स्क्रीन टाइम आहे, त्यात रील्सच्या ॲपला रोजची अर्धा तास मर्यादा लावा. पण ती मर्यादा एका बोटाने वाढवता येते, म्हणून खरं काम जागेने होतं. चार्जर माजघरात नाहीतर ओटीवर ठेवा, झोपायच्या खोलीत नाही. रात्री साडेनऊला घरातले सगळे फोन तिथे, मोठ्यांचे आधी. उठायला अलार्म लागतो म्हणाल तर साधं घड्याळ दोन-तीनशे रुपयांत येतं. जेवताना फोन बघत खाल्लं की किती खाल्लं ते कळत नाही, तेव्हा पानावर फोन नकोच.

खर्च

सणाचा खर्च सणाच्या आधी दोन महिने लिहून काढा, मखर, पूजा, किराणा, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं, देणं-घेणं. तेवढेच पैसे वेगळ्या खात्यात टाका आणि यूपीआय त्या खात्याला जोडा. खात्यातले पैसे संपले की सणाचा खर्च तिथे थांबला. कर्ज काढून सजावट करू नका, हप्ते पुढच्या गणपतीपर्यंत चालतात.

मोडलं तर

मोडणारच आहे. लग्नात जास्त जेवलात, तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नका, उपाशी राहिलं की संध्याकाळी दुप्पट खाल्लं जातं. नुसतं पुढचं जेवण नेहमीच्या वाटीने घ्या, झालं. सकाळी उकड्या तांदळाची पेज, एवढं हलकं पुरे.

पोरांना पानावरून बोलू नका, "किती खातोस, जाडा झालास" असं कधीच म्हणू नका. त्यांना पहिल्यांदा कमी वाढा आणि हवं तर मागू द्या, पोट भरलं म्हटलं की उठू द्या, पान संपवायची सक्ती नको. घरात कोणी चोरून भरपूर खाऊन मग उलटी काढत असेल, किंवा वजन वाढेल म्हणून जेवणच टाळत असेल, तर तो संयम नव्हे, तो आजार आहे, डॉक्टरांशी बोला, मनाच्या डॉक्टरांशीसुद्धा. १४४१६ वर टेली मानसला फोन करून मराठीत बोलता येतं.

सुरुवात करायची तर आज मिठाचं पाकीट काढून तारीख टाका आणि भाताची वाटी ठरवा, दोनच गोष्टी. महिन्याची यादी लिहायला बसाल तेव्हा पाकिटात किती उरलंय ते बघा, आणि त्याच कागदावर पुढच्या महिन्यासाठी तिसरी गोष्ट लिहा, साखर, चहा, फोन, तुमचं जे असेल ते.